नानांचा नॉर्मल रिपोर्ट

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे एक पिशवी लटकते. तिच्यात दुसरी पिशवी, दुसरीत तिसरी. एक ओढायला जावं तर सगळ्याच अंगावर येतात. ऑफिसातल्या किश्श्यांचं तसंच असतं. कोणी जमवत नाही, आपोआप कोंबले जातात. मैत्रिणी म्हणतात, "ताई, ती योगासनांची गंमत सांग ना!" मी सांगायला सुरुवात करते, त्या हसतात, आणि मग बाकीचं बाहेर येतं. तेव्हा त्यांना कळत नाही, हसावं की रडावं. मलाही कळत नाही.

तर आज सगळी पिशवीच उलटी करते.

मी विद्यापीठात परीक्षा विभागात. मुख्यालय दूर, आमचं आपलं नंदुरबारचं केंद्र. गावाबाहेर दुमजली इमारत, शेजारी मिरच्या वाळवायच्या पथाऱ्या. आमचे कक्ष अधिकारी म्हणजे पाटील नाना. मूळचे म्हसावदचे. मी नोकरीला लागले तेव्हा मला साधी फाईल बांधता येत नव्हती. नानांनी शिकवलं. माझे वडील गेले तेव्हा कितीतरी दिवस आमच्या घरी चूल नीट पेटली नाही, डबा नानांच्या घरून यायचा. आता सांगा, अशा माणसाला मी नाना म्हणू की आणखी काही?

नानांना शुगर. सगळ्या ऑफिसला माहीत. गोळ्या टेबलावर टाचण्यांच्या डबीत ठेवायचे. घरच्या गोळ्या विसरल्या तरी ऑफिसच्या विसरू नयेत म्हणून.

आणि एक आमचा इरफान, वायरमन. कायम हसतमुख, किडकिडीत, पण काठीसारखा टणक. दिवसभर पायी फिरतो. पंप, पंखे, दिवे, सगळं त्याच्याच अंगावर. पुढच्या सगळ्या गोष्टीत एवढी दोन माणसं लक्षात ठेवा.

* * *

परिपत्रक आलं. 'निरोगी कर्मचारी अभियान'! आता कर्मचाऱ्यांना निरोगी केल्याशिवाय विद्यापीठ स्वस्थ बसणार नव्हतं.

पहिला कार्यक्रम योगाचा. मुख्यालयातून योगशिक्षक आले. पांढरेशुभ्र कपडे, चेहरा तुकतुकीत. आम्ही म्हटलं, "सर, हॉलमध्ये बसू या."

"छे छे! मोकळी हवा पाहिजे. प्राणवायू!"

हिवाळ्यात आमच्याकडच्या मोकळ्या हवेत काय असतं ते नंदुरबारचं शेंबडं पोर सांगेल. मैदानाच्या कुंपणापलीकडे नजर जाईल तिथवर लाल मिरच्या वाळत पडलेल्या. पण साहेबांना कोण शिकवणार? बसलो सतरंज्यांवर.

"डोळे मिटा. दीर्घ श्वास घ्या... अजून खोल... रोखून धरा..."

आणि वारा फिरला.

पहिली शिंक अकाउंट्सच्या बोरसे साहेबांची. मग रांगेनं सगळे सुरू झाले! कोण खोकतंय, कोण पदर नाकाला लावून पळतंय, कोण नळाकडे धावतंय. योगशिक्षकांनी बसायच्या आधी सतरंजीवर उडून आलेली मिरची स्वतःच्या हातानं उचलून बाजूला ठेवली होती. त्याच हातानं आता डोळे चोळले! पुढचं सांगायला नको.

नाना डोळ्यांतून पाणी गाळत सरांपाशी गेले, तांब्या पुढे केला आणि म्हणाले, "सर, आमनाकडे हाई हवा इकत जास. तुमले फुकट भेटनी!"

सर दुपारच्या गाडीनं परत गेले.

* * *

मग 'पायांची काळजी' असा एक दिवस आला. हसू नका, खरंच होता. एक डॉक्टर आले, चांगले होते बिचारे. पडद्यावर पायांचे फोटो दाखवत होते. "ज्यांना शुगर आहे त्यांनी रोज तळपाय आरशात बघायचा. अनवाणी फिरायचं नाही. आणि लक्षात ठेवा, दुखतं तेव्हा घाबरू नका. दुखायचं थांबलं की घाबरा."

मी नानांकडे बघितलं. नाना पहिल्या रांगेत बसून घोरत होते. पालथ्या घड्यावर पाणी!

डॉक्टरांचं लक्ष दारात उभ्या इरफानकडे गेलं. त्याच्या पायात रबरी चप्पल, टाच मागे बाहेर आलेली. "तुम्ही विजेचं काम करता आणि चप्पल घालता? बूट देत नाहीत तुम्हाला?"

देतात की! पण स्टोअरमध्ये सगळ्यांसाठी एकाच मापाचे बूट, आठ नंबरचे. इरफानचा पाय नऊ. त्यानं अर्ज केला, उत्तर आलं की नऊ नंबरास मंजुरी नाही. परत अर्ज केला, परत तेच.

इरफान हात जोडून म्हणाला, "साहब, बूट मंजूर है. मेरा पाँव मंजूर नहीं हुआ."

सगळा हॉल हसला. त्या आवाजानं नाना जागे झाले आणि काय चाललंय ते कळल्यावर सगळ्यांत मोठ्यानं हसले. "इरफान, आठनाच घाल भो! बसत नई ते बोटं कापी टाक!"

तेव्हा आम्ही पोट धरधरून हसलो होतो.

* * *

आता रक्ताचं सांगते.

रक्ततपासणीचं शिबिर ठरलं. त्याच्या आधी बोरसे साहेबांनी पुडी सोडली. "ज्याचा रिपोर्ट खराब, त्याची बदली मुख्यालयात. तिथं दवाखाना जवळ आहे ना, म्हणून." खरं-खोटं देव जाणे. पण सरकारी इमारतीत अफवा परिपत्रकापेक्षा लवकर पोचते.

नानांच्या तोंडचं पाणीच पळालं. रिटायरमेंट तोंडावर आलेली. बायकोचे, म्हणजे आमच्या सुशीलावहिनींचे, गुडघे गेलेले. आणि म्हसावदला म्हातारी आई, अंथरुणाला खिळलेली, डोळ्यांनी अधू. भाऊ-भावजय बघायचे, पण दर रविवारी नाना जाऊन तिला स्वतःच्या हातानं भरवायचे. म्हातारी रविवारची वाट बघत आठवडा काढायची. बदली म्हणजे ते संपलं.

आता गंमत बघा. आमचा विभाग परीक्षेचा. दुसऱ्याच्या नावावर पेपर लिहायला बसलेले डमी पकडावेत तर नानांनी! हॉल तिकिटावरचा फोटो आणि समोरचा चेहरा यात कानाच्या पाळीएवढा फरक असला तरी नाना हात धरून उठवायचे. भल्याभल्यांना रडवलंय त्यांनी.

त्या नानांनी रक्ताला डमी बसवला!

"इरफान, एक बाटली दी दे भो मन्हा नावनी."

"नाना, नोकरी जाई मन्ही!"

"रगत दिधं ते नोकरी जात नई रे, पुन्य लागस!"

मी तिथंच होते. मी म्हटलं, "नाना, लाज वाटते का काही? गोळ्या तरी घेताय ना?"

"चालू शेतस, ताई. मायनी शपथ. हाई फक्त बदलीपुरतं."

इरफान नानांना नाही म्हणूच शकत नव्हता. त्याच्या बहिणीच्या लग्नात मांडव नानांनी उभा केला होता, वाढप्या म्हणून नाना स्वतः राबले होते. त्यानं तोंडाला मास्क लावला आणि गेला. पण असल्या गोष्टी लपतात होय? बोरसे साहेब आले, स्टोअरचे आले. "नानांना दिलं, मला नाही?" इरफान आपला शर्ट बदलून बदलून आत जातोय, एकदा डावा हात, एकदा उजवा.

रक्त घेणारी मुलगी शेवटी म्हणाली, "तुम्ही मघाशी आला होतात ना?"

"वो मेरा भाई था, मॅडम."

"किती भाऊ आहेत तुमचे इथं?"

"बहोत हैं, मॅडम. सब यहीं काम करते हैं."

मग इरफानची स्वतःची पाळी आली. तोवर उपाशीपोटी फेऱ्या मारून तो चक्कर येऊन बाकावर आडवा झाला होता. मी त्याला बिस्कीट आणि साखरेचं पाणी देत होते, तेवढ्यात शिबिर आटोपलं.

सगळ्या केंद्रात मेमो एकालाच आला. इरफानला. 'स्वतःच्या आरोग्याविषयी अनास्था दाखवल्याबद्दल खुलासा करावा.'

* * *

रिपोर्ट आले. नानांची शुगर नॉर्मल. कोलेस्टेरॉल नॉर्मल. सगळंच नॉर्मल. बोरसे साहेबांचंही नॉर्मल, स्टोअरचंही नॉर्मल. सगळ्यांचे आकडे सख्ख्या भावांसारखे! मुख्यालयातून आमच्या केंद्राला अभिनंदनाचं पत्र आलं.

त्या दिवशी नाना रिपोर्ट बघून माझ्याकडे डोळा मारून हसले. दुसऱ्या दिवशी हसले नाहीत, नुसते त्याच्याकडे बघत बसले. मग एक दिवस बघते तर लॅमिनेट करून आणलेला.

आणि आठवड्यानं मला काय म्हणावं? "ताई, काय सांगू, बरं वाटी ऱ्हायनं आते."

मी म्हटलं, "नाना, ते रक्त इरफानचं आहे."

"हा, ते शेच. पन माले बी बरं वाटस!"

एकदा मला टाचण्या हव्या होत्या. नानांची डबी उघडली. डबीत नुसत्या टाचण्याच होत्या.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. संध्याकाळी थेट त्यांच्या घरी गेले. सुशीलावहिनी दराबा करत बसलेल्या. खान्देशात दराबा म्हणजे काय ते ठाऊक असेलच, तुपात-साखरेत माखलेल्या गव्हाच्या रव्याचे लाडू. लग्नाकार्याला करतात. मी विचारलं, "कोणाचं लग्न?"

"लगन कोनं? यासनी शुगर गयी! इतला सालतीन दराबा करा नई मी घरमा."

भिंतीवर देवाच्या फोटोशेजारी तो रिपोर्ट! मी वहिनींचा हात धरला आणि सगळं सांगितलं. रक्त कोणाचं, का दिलं, गोळ्या बंद झाल्यात, सगळं. वहिनींचा हात कढईत थांबला. आतून नानांचा आवाज आला, "अवं, ताई गंमत करी ऱ्हायनी! तुले माहीत शे ना तिन्ही सवय!"

वहिनींचा चेहरा एकदम सैल झाला. नवऱ्यावर विश्वास ठेवायला बाईला एवढंसं निमित्त पुरतं. मग माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "ताई, आते तुम्ही बी नजर लावशात का?"

त्यांनी माझ्या हातावर गरम लाडू ठेवला. मी खाल्ला. फार छान झाला होता.

* * *

होळीला आम्ही काठी गावाला गेलो. दरवर्षी ऑफिसातून एक गाडी जाते. राजवाडी होळी, सातपुड्यातली सगळ्यात मोठी. पहाटे पेटते. मोरपिसांचे टोप घालून नवस फेडणारे बावे, ढोल, कमरेला घुंगरं, माणसांचा नुसता पूर. आपण बघायला म्हणून जातो आणि कधी नाचायला लागतो ते कळत नाही. नानाही नाचले. गर्दीत एक चप्पल कुठे गेली, मग दुसरीही भिरकावून दिली. "आते मी एकदम फिट!"

सूर्य वर आला तशी गर्दी पांगली. आम्ही गाडीकडे निघालो. होळीच्या कडेला निखारे विखुरलेले होते, वर राख, आत लाल. इरफान माझ्या बरोबर चालत होता. तो एकदम थांबला. नाक वर करून त्यानं वास घेतला.

"नाना! पाँव!"

नाना पुढे मजेत चालले होते. त्यांनी वळून बघितलं, एक पाय उचलला. तळव्याला निखारा चिकटलेला. तो त्यांनी बोटानं झटकला, बोट मात्र 'हाय' म्हणून तोंडात घातलं. बोटाला कळलं. पायाला कळलं नव्हतं.

"नाना, दुखलं नाही?" मी ओरडले.

"काहीच नई, ताई! देख! जराबी नई!" नाना हरखून गेले होते. आमच्या ऑफिसातली तरुण मंडळी ओरडली, "नाना, एक नंबर!" कोणीतरी फोटो काढला. पाय वर उचललेला, चेहऱ्यावर हसू. संध्याकाळपर्यंत तो ऑफिसच्या ग्रुपवर. खाली बोरसे साहेबांचा शेरा: 'ही खरी तब्येत!'

मला मात्र त्या पायाच्या डॉक्टरांचं बोलणं आठवलं. मी ते गाडीत बोलून दाखवलं. नाना म्हणाले, "तू भलती भेदरट शे, ताई."

* * *

अभियानाचा शेवट चालण्याच्या स्पर्धेनं होता. मोबाईलमध्ये अॅप घ्यायचं, ते पावलं मोजतं. जो जास्त चालेल त्याला मुख्यालयात बक्षीस.

आमच्या लोकांनी काय केलं असेल? चालले असतील? छे! बोरसे साहेबांनी नातवाच्या पाळण्याला मोबाईल बांधला. नातू झोके घेई, आजोबांची पावलं वाढत. एकदा तर साहेब मीटिंगमध्ये खुर्चीत बसलेले आणि सगळ्यांच्या देखत ग्रुपवर मेसेज, 'बोरसे साहेब आत्ता धावत आहेत!'

बाकीच्यांचे मोबाईल इरफानकडे. तो दिवसभर फिरतोच, तर त्याच्या हत्यारांच्या पिशवीत टाकायचे. नानांचा मात्र तो खिशात ठेवायचा. म्हणायचा, "नाना का अलग रखता हूँ. पिशवीत पावलं नीट मोजत नाही ते." तर रोज नाना पहिले! सगळ्या विद्यापीठात पहिले!

आणि खरे नाना? खुर्चीत. पाय टेबलाखाली स्टुलावर, उन्हाळ्यात लोकरीचा मोजा घातलेला. जखमेवर हळद लावत होते घरी. विभागात वास यायला लागला होता. मी उदबत्ती लावायचे. मी रोज भांडायचे. "नाना, डॉक्टरकडे चला." नाना भिंतीकडे बघून म्हणायचे, "दुखस का? नई ना? मंग!" आणि वर, "रिपोर्ट नॉर्मल शे, ताई."

संध्याकाळी इरफान मोबाईल परत आणून द्यायचा. अॅप मराठीतून बोलायचं. 'अभिनंदन! आज तुम्ही थांबलाच नाहीत!' ते वाचून नाना खूश व्हायचे. देवाशपथ सांगते, खूश व्हायचे!

एक दिवस माझा संयम सुटला. सगळ्यांसमोर टेबलाखाली वाकले आणि तो मोजा ओढून काढला. करंगळी काळी पडलेली होती, शेजारचं बोटही. मी एवढी किंचाळले की खालच्या मजल्यावरून माणसं वर आली.

नाना माझ्याकडे असे बघत होते, जणू मीच त्यांच्या पायाला काही केलं. मग हळूच म्हणाले, "इतलं व्हई गयं का?"

* * *

इथल्या डॉक्टरांनी बघितलं आणि सुरतला न्या म्हणाले. गाडीत मी, वहिनी, नाना आणि इरफान. रस्ताभर नाना मला सांगत होते की परीक्षेच्या पाकिटांवरची लाखेची सीलं नीट बघून घे. मी हो हो म्हणत होते.

तिथल्या डॉक्टरांनी पाय बघितला, मशीनवर शुगर बघितली आणि विचारलं, "शुगर कब से है?"

वहिनी पुढे झाल्या. आयुष्यात त्या हिंदी बोलल्या नव्हत्या, पण बोलल्या. "थी. अब नहीं है." आणि पर्समधून तो लॅमिनेट केलेला रिपोर्ट काढून दिला. भिंतीवरून काढून आणला होता बाईनं.

डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, मशीन बघितली. "ये रिपोर्ट इनका है?"

नाना छताकडे बघत होते. मग इरफान मागून म्हणाला, "मेरा है, साहब."

डॉक्टरांनी त्याला खालीवर बघितलं आणि रिपोर्ट त्याच्या हातात दिला. "आप तंदुरुस्त हैं. आप बाहर बैठिए."

वहिनी भिंतीला टेकून हळूहळू खाली बसल्या. मी शेजारी बसले. मला वाटलं, आता रडतील, मला नाहीतर इरफानला बोल लावतील. त्यांनी फक्त माझा हात धरला. "ताई, तुम्ही सांगेल व्हतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगेल व्हतं मन्हा घरमा ईसन."

मी सांगितलं होतं, हे खरं. त्याचा काय उपयोग? त्या वेळी मला माझाच राग आला की मी खरी ठरले. कुणी असं खरं ठरू नये.

आधी बोटं गेली. तेवढ्यानं भागलं नाही. मग गुडघ्याखालून पाय गेला.

* * *

नाना घरी आले. ओट्यावर खाट टाकून दिली. येणाजाणाऱ्याशी बोलतात, हसतात. बोरसे साहेब भेटायला आले, तासभर बसले. जाताना म्हणे त्यांनी स्वतःच्या पैशानं खरी तपासणी करून घेतली. रिपोर्ट कोणाला दाखवला नाही.

म्हसावदच्या आईला काही सांगितलं नाही. सांगून काय करणार? पण पहिल्याच रविवारी म्हातारीनं जेवायचं नाकारलं. "मन्हा पोऱ्या उना नई. मी जेवाव नई." भावाचा फोन आला. दुसऱ्या रविवारीही तेच.

तिसऱ्या रविवारी इरफान गेला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. बसनं गेला, स्टँडपासून मळ्यापर्यंत चालत गेला. म्हातारीजवळ बसला आणि एक शब्द न बोलता घास भरवायला लागला. म्हातारी जेवली. जेवताना तिनं त्याचा दंड चाचपला आणि म्हणाली, "इतला का सुकी गया रे, भाऊ?"

तेव्हापासून दर रविवारी जातो.

* * *

परवा मुख्यालयातून फोन आला. बाईंचा आवाज उत्साही. "अभिनंदन! चालण्याच्या स्पर्धेत तुमचे पाटील साहेब पहिले आलेत! बक्षीस म्हणून चालायचे बूट देतोय, चांगल्या कंपनीचे. त्यांच्या बुटाचा नंबर तेवढा कळवा."

वरातीमागून घोडं म्हणतात ते हे! मी म्हटलं, "मॅडम, पाटील साहेबांचं जरा असं झालंय की—"

"ते राहू द्या हो, मला सगळ्या केंद्रांना फोन करायचेत. आज ऑर्डर जायची आहे. नंबर सांगा फक्त."

विचारून कळवते म्हणून फोन ठेवला आणि नानांच्या घरी गेले. का गेले, मलाच माहीत नाही. आपल्याच मनानं नंबर सांगून मोकळी होऊ शकले असते. पण नानांचं बक्षीस होतं, नानांना न विचारता कसं ठरवायचं?

इरफान ओट्यावर स्टुलावर चढून नानांच्या खाटेवरचा पंखा बसवत होता. वहिनी दारात लसूण सोलत होत्या. मी नानांना सगळं सांगितलं. अभिनंदन, बक्षीस, बूट. मग एकदाचं म्हटलं, "नाना, बुटाचा नंबर विचारलाय."

वहिनींचे हात थांबले. वर इरफानचा पानाही थांबला.

नाना पांघरुणाकडे बघत राहिले. मग त्यांची नजर खाली पायरीकडे गेली. तिथं इरफानच्या रबरी चपला काढलेल्या होत्या, टाचेकडे झिजून आरपार झालेल्या.

"नऊ," नाना म्हणाले.

"नाना, तुमचा तर सात आहे."

"नऊ सांग त्यास्ले, ताई."

मी तिथूनच फोन लावला. "मॅडम, पाटील साहेबांचा नंबर नऊ."

"नक्की ना?" बाई म्हणाल्या. "नंतर बदलून मिळणार नाही हं."

"नक्की," मी म्हटलं.